उसनवारीला भरपाई म्हणायचं का? हवामानबदल आणि श्रीमंत देशांचा वाटा

मांजराकाठ | 7 डिसेंबर 2025, सकाळी 10:40

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात वादविवाद ठेवला होता. विषय होता, 'हवामानबदलाचा खर्च श्रीमंत देशांनी उचलायला हवा'. सप्टेंबरच्या पुरात आमच्या भागातल्या जमिनी खरवडून गेल्या आहेत, त्यामुळे मुलांना विषय समजावून सांगावा लागला नाही.

आकडे मी दिले होते. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. युरोपीय संघ आणि ब्रिटन मिळून त्याहून थोडा कमी. भारताचा 3 टक्क्यांच्या आसपास. 1992 च्या रिओ करारात 'जबाबदारी सगळ्यांची, पण सगळ्यांची सारखी नाही' हे तत्त्व या देशांनी सही करून मान्य केलं. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत त्यांनी सांगितलं की 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करू. 2020 साली उभे राहिले 83 अब्ज. 100 चा टप्पा ओलांडला तो 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा. त्या वर्षीचा आकडा 116 अब्ज. त्यातल्या सरकारी पैशापैकी जवळपास 70 टक्के कर्ज होतं.

इथे एक मुलगी उठली. एरवी फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, वरच्यानं बांध फोडला आणि आमचं पीक वाहून गेलं तर पंच त्याला भरपाई द्यायला लावतात. तो म्हणाला की उसने देतो, व्याजासकट परत कर, तर पंच ऐकतील का?"

तिच्या वडिलांना 'पोकरा' या हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीच्या सरकारी योजनेतून ठिबक आणि शेडनेटचं अनुदान मिळालेलं आहे. पोकरा जागतिक बँकेच्या कर्जावर उभा आहे हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी दोन गोष्टी जोडून उत्तर देता आलं नाही. घंटा झाली.

माझं मत: कर्ज मिळालं तर घ्यावं, त्याला मदतही म्हणावं. पण ते देऊन जबाबदारी पार पाडली असं कुणी म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं? सोमवारी वर्गात जायचंय.

---

स्वातीकिरण | सकाळी 11:05

वाचतेय. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

---

राईनकाठ | दुपारी 2:30

मी अकरा वर्षं जर्मनीत आहे, इथे कर भरतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग नसावा.

'श्रीमंत देश' म्हणजे नक्की कोण? इथे 2021 पासून पेट्रोल आणि घर तापवायच्या गॅसवर कार्बनचा आकार आहे. टनाला 25 युरोपासून सुरू झाला, 2025 मध्ये 55 झाला. दुकानात गल्ल्यावर बसणारी बाईही तो भरते. जर्मनीने वर्षाला 6 अब्ज युरो हवामान निधीला देण्याचं वचन दिलं होतं आणि ते 2022 मध्ये, मुदतीच्या तीन वर्षं आधी पाळलं. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

दुसरं, हवामान करारातली पैसे देणाऱ्या देशांची यादी 1992 सालची आहे आणि ती तिथेच गोठली आहे. ग्रीस, पोर्तुगाल यादीत. दक्षिण कोरिया, सिंगापूर, कतार, अमिराती यादीत नाहीत. चीन आज जगातल्या वार्षिक उत्सर्जनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास आहे, तरी बंधन नाही. तेहतीस वर्षांत जग बदललं नाही का?

तिसरं, कर्ज वाईटच कसं? धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महाजनकोचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तो केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेच्या कर्जातून झाला. वीज विकली जाते, त्यातून हप्ता जातो. यात अन्याय कुठे आहे?

---

कानबाईचा_भक्त | दुपारी 2:52

साक्रीच्या प्रकल्पाचा उल्लेख पाहून बरं वाटलं. आमच्या भागात लोक नुसतं 'सोलर' म्हणतात. पैसा जर्मनीचा हे आजच कळलं.

---

हिशेबनीस | दुपारी 4:15

सोलापूर. बँकेत छत्तीस वर्षं कर्जखातीच पाहिली, म्हणून या विषयात बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

राईनकाठ यांचा तिसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे. आम्ही कर्ज मंजूर करताना एकच गोष्ट आधी बघायचो: ज्या कामाला पैसे देतोय त्यातून परतफेडीपुरतं उत्पन्न येणार का? सौर प्रकल्पातून येतं. तिथे कर्ज योग्य, व्याज कमी असेल तर फारच चांगलं. पण पुराच्या वेळी आसरा घ्यायची इमारत, खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, वाहून गेलेल्या गावाचं पुनर्वसन, यातून उत्पन्न काय येणार? म्हातारीच्या औषधपाण्याला कोणी धंद्याचं कर्ज देत नाही, तसंच हे. आणि नेमक्या याच कामांना पैसा कमी मिळतो. 2022 च्या 116 अब्जांत बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायच्या कामांचा वाटा 32 अब्जांच्या आसपास होता.

आता मोजणीबद्दल. 100 रुपये कर्ज दिलं तर या हिशेबात 100 च्या 100 रुपये 'दिले' म्हणून धरतात. परत येणारे पैसे वजा होत नाहीत. देणाऱ्याने खरी झीज किती सोसली, म्हणजे बाजारभावापेक्षा किती स्वस्तात दिलं, तेवढंच मोजायला हवं. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने तसं मोजून पाहिलं, तर 2022 चे 116 अब्ज 28 ते 35 अब्जांवर आले. माझ्या शाखेत कोणी वाटलेलं कर्ज 'धर्मादाय' खात्यावर टाकलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी खुलासा मागितला असता.

विनिमयदर ही तिसरी गोष्ट. कर्ज डॉलरमध्ये, कमाई रुपयात. 2009 मध्ये कोपनहेगनच्या वेळी डॉलर साधारण 47 रुपये होता, 2024 संपताना 85. ताईंनी पोकराचा उल्लेख केला म्हणून सांगतो. 2018 मध्ये मंजूर झालेलं जागतिक बँकेचं ते कर्ज 42 कोटी डॉलरचं. तेव्हाच्या 65 रुपयांच्या दराने 2,730 कोटी. 85 च्या दराने तीच मुद्दल 3,570 कोटी. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि जातात, म्हणून हा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा कळावी. 2005 नंतर केंद्र सरकार आपल्यासारख्या राज्यांना परदेशी कर्ज त्याच अटींवर पुढे देतं. म्हणजे रुपया घसरला की वाढीव बोजा राज्याच्या तिजोरीवर. पाऊस बिघडवला कोणी, आणि रुपया घसरल्याचा भुर्दंड कोणाला?

---

मांजराकाठ | दुपारी 4:40

काका, हे सगळं फळ्यावर लिहिणार आहे. 'धर्मादाय खातं' तर नक्की.

---

द्राक्षबाग | संध्याकाळी 6:20

निफाड तालुका. मी थोडं कडू बोलणार आहे.

'आपण फक्त 3 टक्के' आणि 'आपण माणशी वर्षाला 2 टन कार्बन डायऑक्साइड' ही वाक्यं मला आता ऐकवत नाहीत. ही सरासरी आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं आणि मलबार हिलवरचं वीस गाड्यांचं कुटुंब एकत्र करून भागलं की 2 टन येतात. आपले श्रीमंत ऊसतोड मजुराच्या आडोशाला उभे राहून जिनिव्हात आणि बाकूच्या हवामान परिषदेत न्याय मागतात. आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग युरोपकडे हात पसरा.

गारपिटीत माझी दोन वेळा बाग गेली. दोन्ही वेळा ज्यांनी खरी मदत केली ते शेजारचे शेतकरी होते. पॅरिस करारातून माझ्या बागेवर जाळी आली नाही.

---

खाजणवाट | संध्याकाळी 7:45

द्राक्षबाग दादा, तुमच्या बागेवर जाळी आली नाही हे खरं, पण आमच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, कुर्ल्या (खेकडे) आल्या, त्या सांगते.

मी सिंधुदुर्गातली, बचत गटात आहे. 2018 मध्ये हरित हवामान निधीने भारताच्या किनाऱ्यासाठी 4.34 कोटी डॉलर मंजूर केले. आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र, तीन राज्यांसाठी. आणि हे कर्ज नाही, अनुदान आहे. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. कांदळवनवाले साहेब आले, म्हणाले कांदळवन तोडू नका, त्याच्या कुशीत खेकडे पाळा, कालवं पाळा, त्यावर पैसे मिळवा.

पहिल्या वर्षी आमचं नुकसान झालं. एका रात्रीत एवढा पाऊस पडला की खाजणातलं पाणी गोडं झालं आणि बरीचशी पिल्लं मेली. गटातल्या दोघी म्हणाल्या, सोडून देऊया. इथे मला हिशेबनीस काकांचं म्हणणं पटतं. ते पैसे कर्जाचे असते तर आम्ही दुसऱ्या वर्षी उभ्याच राहिलो नसतो. मेलेल्या कुर्ल्यांचे हप्ते भरत बसलो असतो. अनुदान होतं म्हणून चुकायला वाव मिळाला. दुसऱ्या वर्षी जाळ्या बदलल्या, जागा थोडी खाडीच्या तोंडाकडे घेतली, कारण तिथे भरतीचं खारं पाणी लवकर फिरतं. आता चार पैसे सुटतात आणि कांदळवन कोणी तोडायला आला तर आम्ही बायकाच आडव्या होतो.

पैसा योग्य जागी पोचला तर असं होतं. सगळीकडे पोचत नाही, हेही खरं.

---

स्वातीकिरण | संध्याकाळी 7:58

ताई, विषयांतर होतंय, पण कुर्ल्यांचं कालवण तुमच्या पद्धतीने कसं करतात? पाककृतीचा वेगळा धागा काढा ना.

---

पोटोबा | रात्री 8:03

स्वातीकिरण यांना अनुमोदन. बाकू राहिलं तरी चालेल, कालवण राहता कामा नये.

---

खाजणवाट | रात्री 8:20

काढते, रविवारी. नांग्या ठेचून त्यांचा रस आधी गाळून घ्यायचा, एवढं आत्ता लक्षात ठेवा.

---

गारवा | रात्री 9:30

कोल्हापूर. माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. तुम्ही सगळे म्हणताय की श्रीमंत देश कधी नीट पैसे देत नाहीत. एकदा दिले आहेत, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

पूर्वी फ्रीजमध्ये आर-12 गॅस असायचा. दुरुस्तीला आला की आम्ही नळी कापून गॅस हवेत सोडून द्यायचो. फुस्स आवाज झाला की काम सुरू. त्या गॅसने ओझोनचा थर विरतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, पण भारत आणि चीन आत आले नाहीत. आपलं म्हणणं सरळ होतं: गॅस तुम्ही वापरलात, भोक तुम्ही पाडलंत, आता महागडं तंत्रज्ञान आम्ही आमच्या खर्चाने का घ्यायचं? 1990 मध्ये लंडनच्या बैठकीत मनेका गांधी पर्यावरणमंत्री म्हणून गेल्या होत्या. तिथे वेगळा निधी ठरला. नियम असा की जुन्या गॅसवरून नव्यावर जाताना जो जादा खर्च येईल तो विकसित देशांनी भरायचा. कोणी किती भरायचं तेही संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात ठरलेलं. मग 1992 मध्ये भारत आत आला.

त्याच कार्यक्रमातून पुढे आमच्यासारख्या मेकॅनिकांची शिबिरं झाली. मी दोन दिवस बसलो होतो. गॅस हवेत न सोडता टाकीत ओढून कसा घ्यायचा, ते शिकवलं. कोणी कर्ज फेडायला लावलं नाही. 2010 पर्यंत सीएफसी, म्हणजे आर-12 च्या जातीचे गॅस, जगभर बंद झाले आणि ओझोनचा थर आता सावरतोय.

पुढे कळलं की आर-12 च्या जागी आलेला आर-134ए ओझोनला सुरक्षित असला तरी पृथ्वी तापवतो. म्हणून 2016 मध्ये किगालीला पुन्हा बसून तोही कमी करायचं ठरलं, आणि खर्च पुन्हा त्याच निधीतून. काम अजून चालू आहे.

तेव्हा जमलं, आता का जमत नाही, हा माझा प्रश्न.

---

हिशेबनीस | रात्री 9:55

गारवा, फार मोलाचं लिहिलंत. फरक मला असा दिसतो. तिथे कारखाने मोजके, गॅस मोजके, 'जादा खर्च' कागदावर मांडता येत होता. शिवाय पर्यायी गॅस विकणाऱ्या कंपन्या त्यांच्याच देशांतल्या होत्या, त्यांनाही धंदा होता. इथे कोळसा, तेल, सिमेंट, पोलाद, शेती, सगळंच आलं.

पण महत्त्वाचा फरक वर्गणीचा. माँट्रियलमध्ये कोणाकडून किती हे ठरलेलं असतं. हवामान निधीत एकूण आकडा ठरतो, त्यात अमक्याचा वाटा किती हे कुठेच लिहिलेलं नाही. गणपतीला गल्लीने मिळून लाख रुपये जमवायचे ठरवलं, पण घराघरावर आकडा लावला नाही, तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ओबामांनी हरित हवामान निधीला 3 अब्ज डॉलर कबूल केले, दिले 1 अब्ज. बायडेन यांच्या काळात आणखी 1 अब्ज आले. ट्रम्प पुन्हा आल्यावर उरलेली कबुली मागे घेतली, पॅरिस करारातूनही बाहेर पडायची नोटीस दिली. वसुली कोण करणार?

---

ऑकलंडची_ओवी | 8 डिसेंबर, पहाटे 3:10

इथे सकाळ झाली आहे. मी रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्या पाळीत तुवालूची एक सहकारी आहे. तुवालू म्हणजे नऊ बेटं मिळून साधारण दहा-अकरा हजार लोक. ती सांगते की मोठ्या भरतीला घराच्या मागून जमिनीतून पाणी वर येतं. समुद्र समोरून आला तर भिंत तरी घालता येते. ऑस्ट्रेलियाने त्यांच्याशी करार केलाय, वर्षाला 280 जणांना कायमचं राहता येईल. ती म्हणते, मला घर दिलंत त्याबद्दल आभार, पण माझ्या आजीचं थडगं कोणत्या व्हिसावर नेऊ?

हे देश आज मागायला लागले असं नाही. 1991 मध्येच वानुआतूने छोट्या बेटांच्या वतीने प्रस्ताव ठेवला होता की समुद्र चढल्याने जे नुकसान होईल त्यासाठी औद्योगिक देशांनी विमा निधी उभा करावा. रिओचा करारच अजून झालेला नव्हता! नुकसान-भरपाईचा निधी मान्य व्हायला 2022 उजाडलं, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. 2023 मध्ये दुबईत पहिल्याच दिवशी तो सुरू झाला तेव्हा अमिरातीने 10 कोटी डॉलर कबूल केले, जर्मनीनेही 10 कोटी, आणि अमेरिकेने 1 कोटी 75 लाख.

राईनकाठ, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर: अमिराती यादीत नसूनही जर्मनीएवढे देते, म्हणजे यादीबाहेरच्यांनी द्यायला सुरुवात केली आहे. यादी वाढवा, माझी हरकत नाही. पण 'आधी चीनला आणा, मग आम्ही देतो' असं म्हणत जुन्यांनी थांबायचं नसतं.

आणि वसुलीबद्दल. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये वर्गात बसून ठरवलं की हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूने तो उचलून धरला. 23 जुलै 2025 ला न्यायालयाने मत दिलं: हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडून नुकसान केल्याचं सिद्ध झालं तर भरपाईही देणं लागू शकतं. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, हुकूमनामा नाही. पण मांजराकाठ ताई, तुमच्या विद्यार्थिनीने जे पंचांबद्दल विचारलं ना, तेच त्या मुलांनी जगाच्या पंचांना विचारलं.

---

स्वातीकिरण | सकाळी 8:15

थडग्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

द्राक्षबाग | सकाळी 9:00

ओवी ताईंचा प्रतिसाद वाचून रात्रीच्या माझ्या म्हणण्यात एक दुरुस्ती करतो. 'आधी आपले, मग त्यांचे' असं मी म्हणालो. तुवालूच्या त्या बाईला आमच्या मलबार हिलशी काय देणंघेणं? तिला दोघांकडूनही येणं आहे. आपल्या श्रीमंतांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

---

सह्याद्रीपल्याड | सकाळी 10:30

मोजणीबद्दल एक भर. 2023 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोध घेतला होता, हवामान निधी म्हणून देशांनी काय काय दाखवलं याचा. इटलीने आशियात चॉकलेट आणि आइस्क्रीमची दुकानं काढायला दिलेला पैसा दाखवला. अमेरिकेने हैतीतल्या एका किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या विस्ताराचं कर्ज. बेल्जियमने एका प्रेमकथेच्या चित्रपटाचा खर्च. जपानने बांगलादेशातला कोळशावरचा वीज प्रकल्प आणि इजिप्तच्या विमानतळाचा विस्तार. कोळसा! हवामान निधीत!

हे चालतं, कारण 'हवामान निधी' म्हणजे काय याची सर्वमान्य व्याख्याच नाही. ज्याने त्याने आपल्या मोजपट्टीने मोजायचं. म्हणून बाकूत 2024 मध्ये 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्जांचा आकडा ठरला तेव्हा मला आनंद झाला नाही. मागणी होती 1,300 अब्जांची. अध्यक्षांनी हातोडा आपटल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना उठल्या आणि या कागदाला त्यांनी दृष्टिभ्रम म्हटलं. मला तो क्षण अजून आठवतो. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या परिषदेत जुळवून घेण्याच्या कामांचा निधी 2035 पर्यंत तिप्पट करण्याचं आवाहन झालं. अनुदान किती आणि कर्ज किती, हा प्रश्न तिथेही उघडाच राहिला.

---

राईनकाठ | दुपारी 1:50

काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. मी ऱ्हाइनच्या काठावर राहतो. जुलै 2021 मध्ये इथून जवळच आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पूर आला. जर्मनीत 180 हून अधिक माणसं गेली. मी नंतर दोन शनिवार चिखल उपसायला गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाईच्या तळघरातून आम्ही तिच्या लग्नाचे फोटो काढले, एकमेकांना चिकटून वीट झाली होती त्यांची.

त्या पुरासाठी जर्मनीने 30 अब्ज युरोंचा पुनर्बांधणी निधी उभा केला. काही आठवड्यांत. घरं बांधायला लोकांना अनुदान मिळालं, कुणी त्यांना स्वस्त कर्जाची ऑफर देऊन मोकळं झालं नाही. आम्हाला सगळ्यांना ते योग्यच वाटलं.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानात पूर आला. 1,700 हून अधिक मृत्यू, 3 कोटी 30 लाख लोकांना फटका. नुकसान 30 अब्ज डॉलरच्या वर. जिनिव्हात जानेवारी 2023 मध्ये जगाने मिळून 9 अब्जांच्या आसपास कबूल केले, आणि त्यातली बहुतेक रक्कम कर्ज होती. आधीच कर्जात बुडालेल्या देशाला.

दोन्ही 30 चे आकडे मला माहीत होते. शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. यादी वाढवायला हवी हे माझं मत बदललेलं नाही. साक्रीसारख्या प्रकल्पाला कर्ज ठीक, हेही नाही. पण आर खोऱ्यात जे कर्जाने करणं आम्हाला लाजिरवाणं वाटलं असतं ते सिंधमध्ये चालतं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

हिशेबनीस | दुपारी 2:10

राईनकाठ, हे लिहायला धैर्य लागतं. नमस्कार.

---

गारवा | दुपारी 2:25

त्या चिकटलेल्या फोटोंवर कोणी थंड पाण्यात भिजवून हळूहळू सोडवायचा प्रयत्न केला का? 2019 च्या पुरात आमचे अल्बम भिजले तेव्हा थोडे वाचले होते.

---

राईनकाठ | दुपारी 2:40

हो, गावातल्या एका फोटोग्राफरने केला. सगळे नाही, पण लग्नाचा एक वाचला.

---

मांजराकाठ | संध्याकाळी 6:05

आज वर्गात जाऊन आले. तुमचे प्रतिसाद नावं न सांगता वाचून दाखवले. खेकडे आवडले, फ्रीजचा गॅस आवडला, आर आणि सिंधचे दोन 30 मी फळ्यावर शेजारी लिहिले तेव्हा वर्ग शांत झाला.

मग हिशेबनीस काकांच्या पद्धतीने पोकराचं खातं मांडलं. शेतकऱ्याच्या हातात पडलं ते अनुदान, ते त्याला फेडायचं नाही. राज्याने घेतलं ते कर्ज. एकूण खर्चात 70 टक्के बँकेचं कर्ज, 30 टक्के राज्याचे पैसे. जागतिक बँकेत श्रीमंत देशांचं भांडवल आहे, म्हणून अशा कर्जांतल्या हवामानाच्या कामाचा वाटा त्या प्रमाणात त्यांच्या खात्यावर 'दिला' असा धरतात. हे मुलांना दोनदा समजावून सांगावं लागलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे आमची फेड पण त्यांच्याच नावावर?" मी म्हटलं, मोजायची आजची रीत तशी आहे, आणि ती बदलावी यासाठीच भांडण चाललंय.

योजना वाईट आहे असं मी मुलांना सांगितलं नाही, कारण तसं नाहीच. रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरलेल्यांचं पीक जास्त पावसातही थोडं तग धरतं हे त्यांनी घरी पाहिलंय.

ती मुलगी शेवटी आली, वही घेऊन. तिने विचारलं, कर्ज कधी फिटणार? मी बघून ठेवलं होतं: मुदत 24 वर्षं, त्यातली पहिली 6 मुद्दल न भरण्याची. करार 2018 चा. तिने वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली, 2042. मग खाली स्वतःचं वय मांडलं आणि मला दाखवलं. एकतीस.

म्हणाली, "तोवर मी पण कर भरत असेन ना बाई?"

मी हो म्हटलं.

---

खाजणवाट | संध्याकाळी 6:30

ताई, तिला सुट्टीत आमच्याकडे पाठवा. खाजण दाखवते.